साल कुठलं?

जुनी गाडी घ्यायला निघालात की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती पळालीय? दुसरा, किती मालकांच्या हातातून गेली? गेल्या मार्चमध्ये मी जुनी थार शोधायला लागले तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, साल कुठलं? आणि सालाच्या मागोमाग, महिना कुठला? विकणारे चक्रावायचे. एकाने तर फोनवर स्पष्टच विचारलं, ‘बाजी, पत्रिका जुळवताय का?’

तसंच काहीसं होतं. थार हे नाव एकच असलं तरी २०१० पासून त्या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गाड्या विकल्या गेल्यात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांमध्ये एकीला ब्रेकची वेगळी यंत्रणा, दुसरीला मागच्या धुऱ्यात लॉकर, तिसरीला पुढच्या चाकांना ताकदच नाही. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. तिथे ‘फुल कंडिशन’ आणि ‘शौकीनाची गाडी’ एवढंच असतं.

मला शौक नव्हता, गरज होती. आमचा मोहल्ला डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत. वाट जांभ्याची, मधे एक पऱ्या, आणि पऱ्यानंतर एक घाटी, जिथे पावसात माणसाचा पायही ठरत नाही. अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चिपळूणला. घरापासून एकतीस किलोमीटर. आठ महिने आमची छोटी गाडी हे काम निभावते. जून ते सप्टेंबर ती डांबरी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पडवीत उभी असते आणि अब्बांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मोहल्ल्यातली चार पोरं तिथवर नेतात. पोरं कधी नाही म्हणाली नाहीत. पण एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला खुर्चीत बसून चार खांद्यांवरून जाणं कसं वाटत असेल, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळायचं. त्यात मागच्या जुलैत एक पाळी चुकली. शरीरात साठलेलं पाणी छातीपर्यंत आलं आणि ती रात्र आम्ही अतिदक्षता विभागाच्या बाहेर काढली. सुट्टी मिळाल्यावर मी ठरवलं, पुढच्या आगोटीच्या आत दारापर्यंत येणारी गाडी हवी.

एक गोष्ट आधीच सांगते. पऱ्याला पूर आला तर कुठलीच गाडी जाऊ नये. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे होडी नव्हे. पण पावसाळ्यातले पुराचे दिवस मोजून पाच-सात. उरलेल्या शंभर दिवसांत अडवतात ते चिखल आणि चढ, आणि त्यांच्यावर इलाज आहे.

आता थारच का? माझा भाऊ मस्कतला असतो. त्याचं म्हणणं, लँड क्रुझर सोडून जगात गाडीच नाही. आखातात राहिलेल्या कोकणी माणसाशी या विषयावर वाद घालू नये, आणि लँड क्रुझर घेण्याइतके पैसेही नसावेत, म्हणजे प्रश्न मिटतो. जिप्सीचा विचार केला. १९८५ ला आलेली, १९९६ पासून १.३ लिटरचं इंजिन, २००० नंतर एमपीएफआय, वजनाला हलकी, चिखलात शेळीसारखी चढते. पण चारही चाकांना पाट्याच्या स्प्रिंगा, म्हणजे डायलिसिस करून थकलेल्या माणसाची हाडं मोजायची सोय. शिवाय २०१९ नंतर सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ती मिळणं बंद झालं, त्यामुळे जुन्याचे भाव शौकिनांनी आभाळाला नेलेत. गुरखा बघितली. दोन्ही धुऱ्यांना लॉकर, मजबुतीत प्रश्नच नाही. अब्बांनी तिच्या दाराकडे खालून वर बघितलं आणि म्हणाले, ‘शिडी कुठाय?’

राहिली थार. तिचा वंश आमच्या ओळखीचा. अब्बांच्या तरुणपणी गावोगाव वडापच्या जीपा पळायच्या, प्यूजोचं डिझेल इंजिन, आत किती माणसं बसली ते मोजायची पद्धत नव्हती. त्या जीपांच्या आधी विलीजच्या जीपा महिंद्राने इथे जोडायला घेतल्या होत्या. आणि त्याच्याही आधी, म्हणजे १९४५ ला, कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ ला पाटी बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. अब्बा हे ऐकून एवढंच म्हणाले, ‘म्हणजे अर्धी आमचीच होती की.’

असो. सालांकडे येते.

ऑक्टोबर २०१० ला थार आली ती दोन इंजिनांत. एक डीआय, ६३ हॉर्सपॉवरचं, साधं, कुठल्याही खेड्यातला मिस्त्री झाडाखाली उघडून बसेल असं. दुसरं सीआरडीई, २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क. डीआय कमी पैशात मिळते म्हणून मोह होतो. पण डीआयमध्ये नुसती मागची चाकं ओढणारी गाडीही विकली जायची, आणि ती जीप दिसते म्हणून फोर-व्हील असेलच असं धरून लोक पैसे देऊन मोकळे होतात. गियरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, एवढं आधी बघायचं. दांडा नसेल तर ती आमच्या कामाची नाही. हीच फसगत नव्या थारमध्येही होते. जानेवारी २०२३ पासून १.५ लिटर डिझेलची मागच्या चाकांवर चालणारी थार निघाली. रूप तेच, रुबाब तोच, घाटीत मात्र आमच्या छोट्या गाडीची बहीण.

२०१० ते २०१५ च्या सीआरडीई मला परवडत होत्या. पाच लाखांच्या आतबाहेर. पण त्या काळातल्या थारचं पत्र्याचं काम कच्चं, हे थार बाळगणारे स्वतःच सांगतात. आणि आमच्याकडची खारी हवा पत्र्याला वर्षभर चाटत असते. मी तीन बघितल्या. तिन्हींचा रंग नवा होता. नवा रंग बघितला की मला आता नव्या नवरीच्या मेकअपसारखी शंका येते, खाली काय आहे? शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०११ ची गाडी घ्यायची म्हणजे हातात येता येताच आरटीओच्या दारात नेऊन उभी करायची.

जुलै २०१५ ला मोठा बदल झाला. डॅशबोर्ड नवा, सीटा बऱ्या, पुढचा बंपर बदलला. पण महत्त्वाचं म्हणजे सीआरडीईच्या मागच्या धुऱ्यात मेकॅनिकल लॉकर मिळू लागला. हे प्रकरण मी नीट समजून घेतलं, कारण आमच्या घाटीचा सगळा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. चाकाला ताकद देणारं डिफरन्शियल हा भोळा प्राणी आहे. दोन चाकांपैकी जे चाक मोकळं फिरतंय, त्यालाच तो ताकद देत राहतो. एक चाक खड्ड्यात अधांतरी लटकलं की ते गरगर फिरतं आणि जमिनीवर टेकलेलं चाक ढिम्म. पुढे-मागे असं एकेक चाक लटकलं तर फोर-व्हील असूनही गाडी जागची हलत नाही. लॉकर काय करतो, दोन्ही चाकांच्या वेगात फार तफावत झाली की आपोआप अडकतो आणि दोघांना एकत्र फिरायला लावतो. वेग वाढला की सुटतो. ना बटण, ना वायर. एक ‘टक्’ असा आवाज येतो, बस. म्हणजे २०१५ च्या आधीची आणि नंतरची थार या चढावर दोन वेगळ्या गाड्या आहेत.

मग माझा मोर्चा २०१६-१७ कडे वळला आणि तिथे एक गाडी भेटली. २०१७ ची, बत्तीस हजार किलोमीटर, भाव बाजारापेक्षा लाखभराने कमी. विकणारा माणूस बोलायला गोड. गाडी चिपळूणचीच. मी विचारलं, ‘२०२१ च्या पुरात कुठे होती?’ तो म्हणाला, ‘बहिणीकडे, डोंगरावर.’

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं होतं. हजारो गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, आणि काही धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरातल्या गाड्यांचंही तेच. तेव्हा आमच्या पट्ट्यात साल विचारताना हाही अर्थ असतो, गाडीने कुठलं पाणी बघितलंय?

आम्ही ज्यांच्याकडे गाड्या दाखवायचो ते मिस्त्री चाचा मोठे शांत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी सीटबेल्ट ओढला, शेवटपर्यंत, अगदी रिळातून संपेपर्यंत. रोज दिसणारा पट्टा स्वच्छ होता, रिळाच्या आतला शेवटचा वीतभर पट्टा मातकट, आणि त्यावर पाण्याची सरळ रेघ. मग सीटखालचे रूळ, गंजलेले. मग डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी वायरींच्या जुडग्यामागून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. बारीक, सुकलेला, करडा गाळ. पुरानंतर आम्ही नातेवाइकांच्या घरातून तोच गाळ आठवडाभर उपसला होता. ओळखायला वेळ लागला नाही.

विकणारा म्हणाला, ‘ते पावसाचं असेल.’

चाचांनी हात पुसले आणि त्याच्याकडे न बघता धान्यवाल्याचा किस्सा सांगितला. पैगंबर साहेब बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, वरून कोरडं, आत बोटांना ओल लागते. व्यापारी म्हणतो, पावसाने भिजलं. तर मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी ऐकलेला किस्सा, विकणाऱ्यानेही ऐकलेला असणार. त्याने किल्ली खिशात टाकली. लाखभर कमी भाव त्याने उगाच लावला नव्हता. पण पूर लागलाय हे सांगून विकली असती तर निदान घेणाऱ्याला वायरिंग बदलायचं की नाही हे ठरवता आलं असतं. माझ्या बाबतीत प्रश्न थेट होता. अब्बांना घेऊन परशुराम घाटात रात्री ही गाडी अचानक बंद पडली तर?

नव्या थारबद्दल बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली थार ही नावाने तीच, बाकी सगळी वेगळी. डिझेल २१८४ सीसीचं, १३० हॉर्सपॉवर, ३०० न्यूटन मीटर. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जायची क्षमता कंपनीच्या म्हणण्यानुसार ६५० मिलिमीटर. दोन एअरबॅग, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे. जुन्या थारमध्ये एअरबॅग कुठल्याच साली नव्हती. यावर वाद घालण्यासारखं काही नाही. सुरक्षिततेत नवी थार पुढे आहे आणि बरीच पुढे आहे. जुन्यावर प्रेम करणारी मंडळी ‘लोखंड बघा किती जाड’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. धडकेत लोखंड वाचतं, माणूस वाचायला दुसरं काहीतरी लागतं.

नव्यातही सालं बघावी लागतात. सुरुवातीला बाजूला तोंड केलेल्या बाकांची सहा सीटांची गाडी होती, ती लवकरच बंद झाली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये बनलेल्या १५७७ डिझेल गाड्या कॅमशाफ्ट बदलून देण्यासाठी कंपनीने परत बोलावल्या होत्या. म्हणजे २०२० ची डिझेल घेताना ते काम झाल्याचा कागद मागायचा. २०२३ पासून ब्रेकच्या मदतीने चाक अडवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, आणि खरा मेकॅनिकल लॉकर वरच्या डिझेल मॉडेलमध्ये वेगळे पैसे देऊन घ्यायची गोष्ट झाली. म्हणून २०२१ ची वरच्या दर्जाची डिझेल ही माझ्या दृष्टीने नव्यातली सगळ्यात चांगली निवड होती. पुण्याला एक बघितलीही. अकरा लाख चाळीस हजार.

माझ्याकडे आठ होते. तीन भावाने पाठवलेले, साडेतीन माझ्या साठवणीतले, दीड लाख दोन बांगड्यांचे. शाळेतले सहकारी म्हणाले, वरच्या साडेतीनचं कर्ज काढा, शिक्षकाला बँक दारात येऊन देते. अब्बांनी आयुष्यभर व्याजाचा पैसा घरात येऊ दिला नाही. माझं मत त्यांच्याइतकं पक्कं नाही, ते मी त्यांना सांगितलेलंही आहे. पण ज्या माणसासाठी गाडी घ्यायची तो आठवड्यातून दोनदा तिच्यात बसून मनातल्या मनात तौबा करत जाणार असेल, तर त्या एअरबॅगचा त्याला काय आराम? मी पुण्यातल्या मालकाला नाही कळवलं. एअरबॅगचा विचार अजून घाटाच्या प्रत्येक वळणावर येतो. येऊ दे.

त्यातून एक मधली वाट सापडली, आणि तीसुद्धा सालाच्या घोळातूनच. एप्रिल २०१९ पासून सगळ्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. जुन्या थारलाही ते बसवावं लागलं. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर जुनी थार बंदच झाली. म्हणजे लॉकरही आहे आणि एबीएसही आहे, अशी जुनी थार बनली ती जेमतेम वर्षभर. ओल्या घाटात उताराला ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊन गाडी सरळ दरीकडे न जाता स्टिअरिंग ऐकते, हे एबीएसचं काम. एअरबॅग नाही तर निदान हे तरी. म्हणून मी विक्रेत्यांना महिना विचारत होते. पत्रिका जुळवत होते ती ही.

एप्रिलच्या शेवटी साताऱ्याकडे मिळाली. २०१९ चा ऑगस्ट, एकच मालक, चोपन्न हजार किलोमीटर, सांगायला आठ लाख दहा हजार.

अब्बा सोबत आले होते. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जरा तरतरी असते, तो दिवस धरला. मालक मला सोडून त्यांनाच सगळं सांगत होता. अब्बांनी त्याला माझ्याकडे वळवलं, ‘गाडी तिची आहे, मी पॅसेंजर.’ मग डोळे मिटून बाजूच्या सीटवर बसले आणि मला चालवायला सांगितलं. तिसऱ्यात टाक. सोड. परत दाब. क्लच अर्ध्यावर धर. एसटीच्या माणसाचे कान. गियरबॉक्समध्ये त्यांना काही ऐकू आलं नाही, पुढच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये आलं. चाचांनी नंतर उघडून बघितलं तेव्हा तेच निघालं.

मग मोकळ्या जागेत फोर-व्हील तपासली. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे फोर-व्हील टाकून कोरड्या डांबरावर वळवली की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. तपासणी मातीतच करायची. फोर-हाय, मग थांबून, न्यूट्रल करून, फोर-लो. लोमध्ये इंजिनाची ओढ जवळपास अडीचपट होते आणि गाडी बैलासारखी, घाई न करता, चढत राहते. मागचं एक चाक चराच्या कडेवरून उचलून धरलं, हळूच ताकद दिली, चाक फिरलं आणि ‘टक्’. अब्बांनी डोळे उघडले. ‘हा तो?’ म्हणाले. हा तो.

जुन्या थारच्या पुढच्या चाकांतले आपोआप जुळणारे हब हे तिचं नाजूक ठिकाण. चिखल-पाणी शिरलं की जुळत नाहीत, आणि नेमक्या वेळी फोर-व्हील आहे असं वाटून प्रत्यक्षात नसते. बरेच जण ते काढून हाताने फिरवायचे हब बसवतात. या मालकाने बसवले होते. हातानेच फिरवायचे म्हणजे पावसात उतरून चिखलात वाकायचं. पण मी ते ७ जूनला जुळवते आणि दसऱ्याला सोडते. मधे हात लावत नाही. डिझेल थोडं जास्त जातं, जाऊ दे.

हबचं ठीक, पण त्याने पुढे लोखंडी बुलबारही लावला होता आणि रुंद, मोठ्या गुट्ट्यांचे टायर. हे दोन्ही मी उतरवायला लावले, त्यावरूनच भाव सात लाख साठ हजारांवर आला. बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बंदी घातलीय. मूळ नोंदीत नसलेले बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ ला तेच पक्कं केलं. पोलिसांनी अडवलं तर दंड भरता येतो. अब्बांची चार तासांची वेळ ठरलेली असते, ती रस्त्यावर उभं राहून भरता येत नाही. टायर मूळ मापाचे घेतले, २३५/७० आर १६, नक्षी अर्धी मातीची अर्धी रस्त्याची.

कागदांचं थोडक्यात. गाडीवर मालकाचं कर्ज होतं, फिटलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात येईपर्यंत मी पैसे दिले नाहीत. मालक जरा दुखावला. दुसऱ्या आरटीओत न्यायची म्हणून फॉर्म २८, मग २९ आणि ३०. विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांची माहिती मागवली, ती मागता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बुडालेली किंवा जबर ठोकलेली गाडी तिथे दिसते.

सगळं जुळलं आणि जी अडचण कुठल्याच सालात सुटलेली नव्हती ती घरी आल्यावर समोर आली. अब्बांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. त्या हाताने ओढायचं नाही, वजन टाकायचं नाही. डाव्या दारातून चढताना गाडीकडे तोंड केलं की पुढचा खांब डाव्या हाताला येतो. गाड्यांची हँडलं त्या खांबाशी नाहीतर डॅशबोर्डवर असतात. निरोगी माणसाला हे कधी कळतही नाही. उजव्या हाताला येतो तो सीटमागचा भाग, तिथे धरायला काही नाही. मुलगा मस्कतहून फोनवर म्हणत होता, दोघांनी धरून बसवायचं. अब्बा म्हणाले, धरूनच बसवायचं तर खुर्ची काय वाईट होती?

चाचांच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याने कॅनोपीच्या लोखंडी सांगाड्याला, सीटच्या पाठीमागून पुढे येईल असा, नळीचा एक दांडा बसवला. नट-बोल्टवर, आरटीओला हवा तेव्हा काढता येईल असा. वर सायकलच्या हँडलची रबरी मूठ. दाराखाली रुंद पायरी. दोन्ही मिळून अकराशे रुपये. अब्बा उजव्या हाताने मूठ धरतात, उजवा पाय पायरीवर, डावा पाय आत, बसतात. पहिल्या दिवशी सात वेळा चढले-उतरले. मी मोजत होते.

मागच्या आडव्या बाकांवर माणसं बसवायची नाहीत हा नियम केलाय. बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाला धडकेत सांभाळायला तिथे काही नाही. मागे व्हीलचेअर, टॉवेल, पाण्याचा मोजका थर्मास आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी सांगितलेलं सामान. त्यावरून दोन भाभींशी कुरबूर झाली, कारण वडापच्या जीपेत बारा बसायचे हे सगळ्यांना आठवतं.

या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर चौतीस पाळ्या झाल्या. दोनदा पऱ्याला पाणी होतं म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच निघून चिपळूणला खालाकडे राहिलो. बाकी दिवस दारातून निघून दारात. कॅनोपी गळते, ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यावर नेमका एक थेंब, त्याला अजून उपाय सापडलेला नाही. घाटीच्या पायथ्याशी आलं की मी थांबते, न्यूट्रल करते, छोटा दांडा लोमध्ये ओढते, आणि अब्बा डोळे मिटून ‘टक्’ची वाट बघत बसतात. रोज वाजत नाही. चाक लटकलं तरच वाजतो.